कुठल्या बाजूने

उन्हात काच पुसू नकोस, बाबा सांगायचा.
तुझा हात पोचायच्या आधीच पाणी वाळतं
आणि वाळताना सही करून जातं.
म्हणून कुताइसीच्या आमच्या अंगणात
पांढरी ओपेल नेहमी द्राक्षांच्या मांडवाखाली.

दोन फडकी. एक ओलं, एक कोरडं.
दोघांची गाठ पडू द्यायची नाही,
नूत्सा आत्या आणि तिची जाऊ जशा.
धुताना त्यांत वासाचं काही घालायचं नाही,
ते मऊपणाचं औषध धाग्यात दडून बसतं
आणि मग काचभर तेल ओढत जातं.
एकदा मी घातलं होतं.
त्या दिवशी तो तिबिलिसीपर्यंत एक शब्द बोलला नाही.

द्रव घरचाच. पाणी, वाइनचा व्हिनेगर,
आणि टोपणभर चाचा:
द्राक्षाच्या चोथ्याची दारू, बोंदोकाकाच्या भट्टीतली,
घसा आणि काच दोन्ही लख्ख करणारी.
बोंदोकाका कुंपणापलीकडून ओरडायचा,
"अंबेर्की, पाप लागेल! काचेला पाजतोस
आणि शेजारी कोरडा?"
"काच पिऊन बरळत नाही, बोंदो."

आणि मग खरा नियम.
बाहेरून पुसताना हात वर-खाली.
आतून पुसताना आडवा.
म्हणजे रेघ राहिलीच, तर ती आपणच सांगते
मी कुठली ते.
उभी दिसली, उतर खाली. आडवी दिसली, बस आत.
लोकांना एवढं कळत नाही, म्हणायचा,
भलत्याच बाजूने घासत बसतात.

आतली बाजू जास्त लबाड.
उन्हात डॅशबोर्डचं प्लास्टिक घाम सोडतं,
त्यात नऊ तासांचे श्वास, कुणाची चोरून ओढलेली सिगारेट,
मांडीवरच्या गरम खाचापुरीची वाफ.
दिवसा काही दिसत नाही.
रात्री समोरून ट्रक आला
की अख्खी काच दुधासारखी नासते.

गेल्या नोव्हेंबरात, रिकोतीचा घाट उतरताना
त्याने गाडी कडेला घेतली.
"धुरकट झालीय," म्हणाला. फडकं काढलं.
आतून आडवं. बाहेरून उभं. परत आतून.
मागे मधाच्या बरण्या मांडीवर घेतलेली बाई
घड्याळ बघत होती.
"दिव्याभोवती कडं आहे, प्रत्येक दिव्याभोवती.
उभं नाही, आडवं नाही, गोल.
गोल कोण पुसतं?"

मी बघितलं.
समोर मडकी विकणाऱ्यांचं शेवटचं उघडं दुकान,
बल्बखाली रांगेत सुरया,
एकीच्या मानेवर केसाएवढी चीर.
तीही दिसली मला.
काच आहे की नाही, बोट लावून बघावं, इतकी साफ.

"कुठल्या बाजूने आहे?" त्याने विचारलं.

आतून, मी म्हटलं.

तो पुन्हा आडवा हात फिरवायला लागला.
फडकं मी त्याच्या हातातून काढून घेतलं.
मग किल्लीही.

मोतीबिंदू पुरता पिकला होता, डॉक्टर मेदेआ म्हणाली,
इतके दिवस चालवत कसे होते हे?
मी काही बोलले नाही. घाट त्याला पाठ होता.
फेब्रुवारीत उजवा डोळा झाला.
तोवर गाडी माझ्याकडे, काचही माझ्याकडे:
पेट्रोल पंपावर, भर उन्हात, हाताला येईल ती चिंधी.
बघणारं कोण होतं?

पट्टी निघाली त्या सकाळी तो मांडवाखाली आला.
वेल उघडी पडलेली, गाठी मोजाव्यात अशी.
आधी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.
"केस पिकले की तुझे," म्हणाला.

मग काचेकडे वळला.
मी श्वास धरून उभी.

"उभी," बोट न लावता तो म्हणाला. "उभी. आडवी. उभी.
आणि ही? तिरकी?
नानुली, तिरकी कुठल्या देशात पुसतात?"

बाटली आणायला तो आत गेला.
कुंपणापलीकडे बोंदोकाका
आधीच खाकरत उभा होता.